दम्याच्या मुलाचा धातूंचा रिपोर्ट: कधी काढावा, कसा वाचावा, पुढे काय करावे

रिपोर्ट अठरा पानांचा होता. बाराव्या पानावर ‘झिंक ५८’ या आकड्यापुढे लाल बाण होता आणि वडिलांनी त्याभोवती निळ्या पेनाने दोनदा गोल काढला होता. सहा वर्षांची मुलगी आईच्या मांडीवर बसून खोकत होती; पावसाळा सुरू झाल्यापासून रात्री दोन-तीनच्या सुमारास तिला ढास लागत असे. अंगात जस्त कमी असल्यामुळे दमा झाला आहे, असे लॅबमधून फोनवर सांगितले गेल्याने जस्ताचे सिरप सुरूही झाले होते. त्याच पिशवीच्या तळाशी आधीच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला पंप आणि स्पेसर (पंपाचे औषध श्वासाने ओढून घेण्यासाठी त्याला जोडायची प्लास्टिकची नळी) होता, आणि स्पेसरचे वेष्टन अजून फोडलेले नव्हते. बाराव्या पानावरच, जस्ताच्या चार ओळी खाली, ‘लेड ६.१’ (लेड म्हणजे शिसे) असे छापलेले होते. त्यापुढे बाण नव्हता, कारण लॅबने दिलेली मर्यादा ‘१० पेक्षा कमी’ अशी होती.

ज्या आकड्याला लाल बाण होता तो बहुधा ठीक होता, ज्याला नव्हता तो लक्ष देण्याजोगा होता, आणि मुलीची रात्रीची झोप या दोन्हींपेक्षा त्या न उघडलेल्या स्पेसरवर अवलंबून होती. असे रिपोर्ट हाती असलेल्या, किंवा असा रिपोर्ट काढावा की नाही या विचारात असलेल्या पालकांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

धातू आणि दमा यांचा संबंध कितपत आहे

मुलाला दमा आहे की नाही, हे रक्तातल्या कोणत्याही धातूवरून ठरत नाही. वारंवार होणारी घरघर, रात्रीचा किंवा पहाटेचा खोकला, धावल्यावर लागणारी धाप, औषधाने पडणारा फरक आणि साधारण पाच वर्षांनंतर जमू लागणारी स्पायरोमेट्री (फुंकर मारून श्वास मोजण्याची तपासणी) यांवरून ते ठरते. धातूंचा रिपोर्ट दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकतो. जस्त, तांबे, लोह, मँगनीज आणि सेलेनियम (जे काटेकोरपणे पाहिल्यास धातू नव्हे) यांची शरीराला गरज असते, त्यामुळे त्यांचे आकडे पोषणाविषयी काही बोलतात. शिसे, पारा, कॅडमियम आणि आर्सेनिक यांची शरीराला काडीचीही गरज नाही. त्यांचे आकडे मूल कशाच्या संपर्कात येत आहे ते सांगतात.

दम्याच्या मुलांच्या रक्तात जस्त कमी आणि तांबे जास्त आढळल्याचे, किंवा शिसे वाढलेल्या मुलांत ॲलर्जीशी निगडित आयजीई प्रतिपिंडे अधिक आढळल्याचे अभ्यास आहेत, तसेच काहीही संबंध न आढळल्याचेही आहेत. यांतले बहुतेक अभ्यास एकाच दिवशी रक्त घेऊन त्याच दिवशी दम्याविषयी विचारणा करणारे असल्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे त्यांतून उलगडत नाही. आजारी शरीर स्वतःच जस्त आणि तांब्याचे आकडे हलवते, हे लक्षात घेतले की हा प्रश्न किती नाजूक आहे ते कळते. सेलेनियमचे उदाहरण बोलके आहे. दम्याच्या रुग्णांत ते कमी आढळते म्हणून ब्रिटनमध्ये सुमारे दोनशे प्रौढ रुग्णांना २४ आठवडे रोज १०० मायक्रोग्रॅम सेलेनियम किंवा बिनऔषधाची गोळी देऊन पाहण्यात आले. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा दोन्ही गटांच्या दम्यात लक्षणीय फरक नव्हता. रक्तातला एखादा आकडा कमी असणे आणि तो भरून काढल्याने आजार बरा होणे या दोन गोष्टींमध्ये बरेच अंतर असते.

पहिली पायरी: तपासणीची गरज आहे का

‘संपूर्ण धातू तपासणी’ असे सवलतीचे पॅकेज दिसले म्हणून ती करू नये. लॅबची सामान्य मर्यादा बहुधा अशी आखलेली असते की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत येतात. म्हणजे एका तपासणीत वीसपैकी एका निरोगी मुलाचा आकडा बाहेर जाणारच. अशा वीस स्वतंत्र तपासण्या एकदम केल्या, तर ठणठणीत मुलाच्याही रिपोर्टवर निदान एक लाल बाण उमटण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. पॅकेज जितके मोठे तितके बाण अधिक, आणि बाण जितके अधिक तितकी घरातली घबराट.

त्याउलट, पुढील परिस्थितीत एकट्या शिशाची तपासणी मागून घ्यावी, मग मुलाला दमा असो वा नसो. मूल माती, चुना, भिंतीचे पोपडे खात असेल. घर जुने असून दारे-खिडक्यांचा तैलरंग सुटत असेल. घरातले कोणी बॅटरी दुरुस्ती, भंगार वितळवणे, रंगकाम, डाग देणे (सोल्डरिंग) किंवा सोन्याचांदीची गलाई यांत असेल. डोळ्यांत सुरमा घालण्याची पद्धत असेल. किंवा मूल महिनोन्‌महिने भस्मे वा रसौषधी घेत असेल. सांगलीकडच्या विटा-खानापूर भागातील कितीतरी कुटुंबे गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पसरलेली आहेत. दुकान आणि घर एकाच छताखाली असेल, तर आम्लाची वाफ आणि धातूंचा धूर दोन्ही मुलापर्यंत पोहोचतात. त्यातली वाफ दम्याला लगेच चेतवते, तर शिसे मुकाट्याने साठत राहते.

जस्ताची तपासणी वाढ खुंटलेल्या, वारंवार जुलाब होणाऱ्या किंवा अतिशय मोजका आहार घेणाऱ्या मुलात अर्थपूर्ण ठरते. फिकट, लवकर दमणाऱ्या मुलात धातूंच्या पॅकेजऐवजी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) पाहावे. ॲनिमियाची धाप आणि दम्याची धाप यांत पालकांचीच काय, कधी कधी आम्हा डॉक्टरांचीही गल्लत होते.

दुसरी पायरी: कोणता धातू कशात मोजायचा

शिसे, कॅडमियम, पारा आणि मँगनीज यांच्यासाठी पूर्ण रक्त लागते, कारण शिसे जवळजवळ सगळे तांबड्या पेशींमध्ये असते आणि सीरममध्ये (पेशी काढून टाकल्यावर उरणाऱ्या द्रवात) त्याचा अंशही धड सापडत नाही. जस्त, तांबे आणि सेलेनियम सीरम किंवा प्लाझ्मात मोजतात. आर्सेनिक रक्तातून काही तासांत निघून जाते, म्हणून त्यासाठी लघवीचा नमुना योग्य. मासे, कोळंबी, खेकडे यांच्यात आर्सेनिकचा एक निरुपद्रवी प्रकार भरपूर असल्यामुळे कोकणात आणि गोव्यात तपासणीआधी तीन-चार दिवस हे पदार्थ बंद ठेवले नाहीत, तर रिपोर्ट उगाच भयंकर दिसतो.

मॅग्नेशियमविषयी एक गैरसमज येथेच दूर करावा. दम्याच्या तीव्र झटक्यात रुग्णालयात शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट दिले जाते, यावरून मुलाला मॅग्नेशियम कमी आहे असा अर्थ काढला जातो. ते तेथे श्वासनलिकांचे आकसलेले स्नायू सैल करणारे औषध म्हणून दिलेले असते. शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमचा एक टक्काही सीरममध्ये नसतो, त्यामुळे घरी गोळ्या सुरू करण्याला त्या उपचाराचा आधार घेऊ नये.

केसांची धातू तपासणी करू नये. शाम्पू, धूळ आणि विहिरीचे पाणी यांतले धातू केसांवर चिकटतात आणि आतले कोणते, बाहेरचे कोणते हे वेगळे काढता येत नाही.

तिसरी पायरी: रक्त काढण्याचा दिवस

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण निम्म्या चुका येथेच होतात. रक्तातले जस्त दिवसभर सारखे नसते. सकाळी जास्त आणि दुपारनंतर कमी असते. म्हणून दहा वर्षांखालील मुलांसाठी कमतरतेची सीमा सकाळच्या नमुन्याला ६५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि दुपारच्या नमुन्याला ५७ अशी वेगवेगळी मानली जाते. लेखाच्या सुरुवातीच्या मुलीचे रक्त शाळा सुटल्यावर, संध्याकाळी पाच वाजता काढलेले होते. लॅबने मात्र एकच मर्यादा छापलेली होती, त्यामुळे ५८ ला बाण मिळाला.

ताप, सर्दी किंवा दम्याचा झटका चालू असताना, आणि त्यानंतर दोन-तीन आठवडे, जस्त-तांब्याची तपासणी टाळावी. शरीरात दाह असतो तेव्हा यकृत जस्त आत ओढून घेते आणि तांबे वाहून नेणारे सेरुलोप्लास्मिन हे प्रथिन अधिक तयार करते, त्यामुळे सीरममधले जस्त उतरते आणि तांबे चढते. दम्याच्या मुलांत ‘तांबे-जस्त गुणोत्तर बिघडलेले’ असे जे मोठ्या अक्षरांत लिहून येते, त्यातला बराचसा भाग या दाहाचाच असू शकतो. थांबणे शक्य नसेल, तर त्याच नमुन्यातून सीआरपी हे दाह दाखवणारे प्रथिन मोजून घ्यावे. ते वाढलेले असेल तर जस्ताच्या आकड्यावर विसंबू नये.

लॅबमध्ये गेल्यावर सूक्ष्म धातूंसाठीची गडद निळ्या टोपणाची नळी आहे का, हे नम्रपणे विचारावे. साध्या नळीच्या रबरी बुचातून जस्त नमुन्यात उतरते आणि आकडा फुगतो. रडणाऱ्या, हात ओढणाऱ्या मुलाची शीर दोन-तीनदा शोधावी लागली आणि रक्त जोराने ओढले गेले, तर पेशी फुटतात, सीरम गुलाबी दिसते, आणि पेशींमधले जस्त बाहेर सांडून कमतरता झाकली जाते. रिपोर्टच्या तळाशी ‘नमुना हिमोलाइज्ड’ (म्हणजे पेशी फुटलेला) अशी बारीक अक्षरांतली ओळ दिसली, तर जस्ताचा आकडा सोडून द्यावा. सुईच्या पोलादातून क्रोमियम, निकेल आणि मँगनीज येऊ शकतात, म्हणून या तिघांचे किंचित वाढलेले आकडे मी सहसा पुन्हा मोजल्याशिवाय ग्राह्य धरत नाही. बोट टोचून काढलेल्या थेंबात शिसे जास्त आले, तर त्वचेवरच्या धुळीचा तो परिणाम असू शकतो. शिरेतून रक्त काढून खात्री करून घ्यावी.

चौथी पायरी: एकके आणि मर्यादा

आकड्याआधी एकक वाचावे. शिसे कोठे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, कोठे मायक्रोग्रॅम प्रति लिटरमध्ये छापतात, ३.५ आणि ३५ हे दोन्ही आकडे एकाच प्रमाणाचे असू शकतात. लॅब बदलल्यावर ‘दहापट वाढले’ म्हणून रात्री फोन करणारे पालक मला भेटलेले आहेत, आणि त्यांची काही चूक नव्हती. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कुटुंबांना मायक्रोमोल प्रति लिटर हे एकक दिसेल; तेथे मुलांसाठी दखल घेण्याची पातळी ०.२४ आहे, म्हणजे आपल्या परिचयाचे सुमारे ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर.

त्यानंतर लॅबची छापील मर्यादा कोणत्या काळातली आहे ते पाहावे. अमेरिकेत मुलांच्या शिशाची दखल घेण्यासाठी १९९१ पासून १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हा आकडा होता, २०१२ मध्ये तो ५ झाला आणि ऑक्टोबर २०२१ पासून ३.५ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ५ किंवा त्याहून अधिक पातळीला स्रोत शोधून संपर्क थांबवण्याची शिफारस केली. सुरक्षित अशी कोणतीही पातळी सापडलेली नाही. तरीही काही रिपोर्टांवर अजून ‘१० पेक्षा कमी’ हीच जुनी ओळ चालू असते आणि संगणक तिच्यानुसारच बाण लावतो.

सेलेनियमच्या बाबतीत दोन्ही टोके वाईट असतात. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या गावांत अचानक केस गळू लागले, तेव्हा रक्ताच्या नमुन्यांत सेलेनियम वाढलेले आढळले आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले गेले. ‘रोगप्रतिकारशक्तीसाठी’ म्हणून सेलेनियमच्या गोळ्या मुलांना देणाऱ्यांनी ही बातमी आठवावी.

पाऱ्याचा आकडा किंचित वर असेल, तर ताटातला मासा कोणता ते पाहावे. मोरी, कुपा, मोठी सुरमई हे दुसऱ्या माशांवर जगणारे मासे पारा साठवतात. तारली, मांदेली, बांगडा यांत तो बराच कमी असतो. मासे बंद करण्याची गरज नसते, फक्त बाजारातली निवड बदलायची असते. कॅडमियम वाढलेले दिसले तर घरात कोण ओढते हा प्रश्न विचारावा, कारण तंबाखूचे रोप जमिनीतून कॅडमियम उचलते. अर्थात विडी-सिगारेटचा धूर दम्याला काय करतो, हे समजायला रक्त तपासण्याची गरज नाही.

पाचवी पायरी: जस्त खरेच कमी असेल तर

सकाळचा, आजार नसतानाचा, स्वच्छ नळीतला आकडा ६५ च्या खाली असेल तर ती कमतरता मानावी. ती आपल्याकडे दुर्मीळही नाही. केंद्र सरकारच्या २०१६–१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वयोगटातील १९ टक्के आणि १० ते १९ वयोगटातील ३२ टक्के मुलांत जस्त कमी आढळले होते. डॉक्टरांनी ठरवलेला डोस ठरावीक आठवडेच द्यावा आणि मग थांबवावा. जुलाबासाठी १४ दिवस देण्याच्या जस्ताच्या सिरपमध्ये बहुधा एका चमच्यात २० मिलिग्रॅम असते, तर ४ ते ८ वर्षांच्या मुलासाठी रोजची वरची मर्यादा अमेरिकी शिफारशींनुसार १२ मिलिग्रॅम आहे. उरलेली बाटली ‘ताकदीची’ म्हणून महिनोन्‌महिने चालू ठेवली, तर आतड्यात तांबे शोषले जाणे कमी होते आणि त्यातून ॲनिमिया आणि पांढऱ्या पेशींची घट होऊ शकते. कमतरता भरून काढल्याने वाढ सुधारेल आणि जुलाब कमी होतील. दम्याचा पंप त्यामुळे बंद होईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

आहारात मटकी, मूग, हरभरा यांना मोड आणावेत, कारण धान्य-कडधान्यांतले फायटेट जस्त अडवून ठेवते आणि मोड आणल्याने ते कमी होते. तीळ, शेंगदाणे, अंडी आणि चालत असेल तर मटण यांतून जस्त चांगले मिळते.

सहावी पायरी: शिसे ३.५ पेक्षा जास्त असेल तर

घाबरण्यापेक्षा शोधाशोध करावी. हा आकडा आपल्या देशात विरळा नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालाने भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिसे ५ च्या वर असल्याचा अंदाज दिला होता. भारतात शिशाचे पेट्रोल २००० पर्यंत बंद झाले आणि घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा पिवळा, केशरी, हिरवा तैलरंग दारावर असेल, तर तो कोरडा खरवडू नये. ओला करून काढावा आणि तोवर मुलाला दुसऱ्या खोलीत, शक्य असल्यास दुसऱ्या घरी ठेवावे. जुना रंग घासल्यानंतरच्या आठवड्यात शिसे चढते आणि त्याच धुळीने दम्याचा झटकाही येतो.

स्वयंपाकघरात पितळी भांड्यांची कल्हई पाहावी. कल्हई कथलाची असते, पण कथील स्वस्त करण्यासाठी त्यात शिसे मिसळले जाते, आणि चिंच-आमसुलाची आमटी अशा भांड्यात मुरली की ते उतरते. भंगारातून ओतलेली जाड ॲल्युमिनियमची कढईही संशयास्पद धरावी. हळदीची गोष्ट ऐकण्याजोगी आहे. बांगलादेशात हळकुंडांना झळाळी आणण्यासाठी लेड क्रोमेट हा पिवळा रंग चोळला जात असल्याचे २०१९ मध्ये संशोधकांनी उघड केले. सरकारने छापे टाकून दंड केला, आणि बाजारातल्या शिसेयुक्त हळदीचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आले. भारतातही काही शहरांतल्या नमुन्यांत असा रंग आढळलेला आहे. रंग हळकुंडावरच चोळलेला असल्यामुळे ‘आम्ही घरी दळतो’ एवढ्याने सुटका होत नाही. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत हळदीतील शिशाची मर्यादा १० पीपीएम आहे आणि संशय असल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पुडी तपासून मिळते; पाण्यात टाकून पाहण्याच्या घरगुती परीक्षेवर मी भरवसा ठेवत नाही. परदेशी राहणाऱ्या मुलांसाठी गावाहून डबा भरून हळद पाठवणाऱ्या आजींनाही हे सांगावे लागते, आणि ते हळुवारपणे सांगावे.

काजळात फरक करावा. घरी तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यावर धरलेले काजळ म्हणजे काजळी, त्यात शिसे नसते. सुरमा मात्र बहुधा शिशाच्या खनिजाची पूड असतो. शेंदूरही शिशाचा असू शकतो.

लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलाचे आतडे शिसे अधिक शोषते, आणि रिकाम्या पोटी ते आणखी वाढते. म्हणून शाळेत उपाशी पाठवू नये. नाचणी, दूध, लिंबू पिळलेली पालेभाजी द्यावी आणि फेरिटिन कमी असल्यास लोह सुरू करावे. खाण्यापूर्वी हात धुणे आणि ओल्या फडक्याने लादी पुसणे हे दोन्ही उपाय फुकटचे आहेत.

त्या मुलीच्या घरी सुरमा नव्हता, रंग नवा होता, हळद पाकिटातली होती. तिसऱ्या भेटीत कळले की वडील इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करतात आणि संध्याकाळी त्याच कपड्यांनी तिला उचलून घेतात. दुकानातच कपडे आणि चपला बदलून, हातपाय धुऊन घरी यायचे, आणि ते कपडे वेगळे धुवायचे, एवढेच सांगितले. रक्तातले शिसे साधारण महिनाभरात निम्मे होते, पण हाडांत साठलेले हळूहळू बाहेर येत राहते, त्यामुळे आकडा झरझर उतरत नाही. ३.५ ते ९ या पातळीला तीन महिन्यांनी, १० ते १९ ला एक ते तीन महिन्यांनी, २० ते ४४ ला दोन आठवडे ते एक महिन्यात पुन्हा तपासावे. ४५ किंवा अधिक आले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. तीन महिन्यांनी तिचा आकडा ४.२ आला.

हवेतून येणारे धातू

धातू आणि लहान मुलांची छाती यांचा सगळ्यात ठळक पुरावा रक्ततपासणीतून आलेला नाही. अमेरिकेत यूटा राज्यातील एका खोऱ्यात पोलादाचा मोठा कारखाना कामगार-तंट्यामुळे ऑगस्ट १९८६ पासून सुमारे तेरा महिने बंद पडला. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनविकारांनी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांची संख्या बंद काळातल्या हिवाळ्याच्या दोन ते तीन पट होती. त्या काळात हवेतली धूळ टिपणारे गाळणीचे कागद जपून ठेवलेले होते. पुढे त्यांचा अर्क स्वयंसेवकांच्या फुप्फुसात अगदी अल्प प्रमाणात सोडला, तेव्हा कारखाना चालू असतानाच्या, लोह-तांबे-जस्त यांनी भरलेल्या धुळीने दाह जास्त झाला. हा परिणाम श्वासमार्गाच्या अस्तरावर होतो. रक्तातले लोह आणि तांबे शरीर स्वतः आटोक्यात ठेवत असल्याने अशा मुलाचा रिपोर्ट अगदी सरळ येऊ शकतो. चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक केंद्रांच्या परिसरात राहणाऱ्या पालकांनी ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून राखेच्या धुळीकडे दुर्लक्ष करू नये.

घरातल्या हवेत आधी मच्छरची कॉइल बंद करावी. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते. दिवाळीत आवाजाच्या फटाक्यांवर सगळ्यांचा रोख असतो, पण पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या २०१६ च्या मोजणीत सर्वाधिक धूर काळ्या नागगोळीचा निघाला: दर घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण. फुलबाजीचा आकडा दहा हजारांच्या घरात होता. फटाक्यांतला हिरवा रंग बेरियमचा, लाल स्ट्रॉन्शियमचा, निळा तांब्याचा; सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये शिसे, पारा, आर्सेनिक, अँटिमनी आणि लिथियम फटाक्यांत वापरण्यास मनाई केली. नागगोळी लहानांचीच म्हणून त्यांच्या हाती दिली जाते आणि ती खाली वाकून, तोंड जवळ नेऊन पेटवली जाते.

काय करू नये

शिसे ४५ च्या खाली असताना ‘धातू बाहेर काढणारे’ किलेशन उपचार घेऊ नयेत. २० ते ४४ पातळीच्या ७८० मुलांवरच्या अमेरिकी चाचणीत औषधाने शिसे उतरले, पण मुलांच्या बुद्धीच्या किंवा वर्तनाच्या चाचण्यांत लाभ दिसला नाही. २००५ मध्ये पेन्सिल्व्हेनियात पाच वर्षांचा एक मुलगा ईडीटीए या किलेशनच्या औषधाचा चुकीचा प्रकार शिरेतून दिल्याने, रक्तातले कॅल्शियम कोसळून दगावला. किलेशनचे औषध देऊन मग लघवीतले धातू मोजण्याची पद्धतही फसवी आहे. औषधाने कोणाच्याही लघवीत धातू वाढतात.

दम्यावर दिल्या जाणाऱ्या श्वासकुठार रसाच्या पाठात पारा, गंधक, वत्सनाभ आणि आर्सेनिकची मनःशिळ आहे. कायद्यानेही अशी विषद्रव्ये असलेली औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असतात. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांच्या २००८ च्या तपासणीत सुमारे एकपंचमांशांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. मुलाला काही चालू असेल, तर वैद्यांकडून त्यातले घटक लिहून घ्यावेत आणि तो कागद बालरोगतज्ज्ञाला दाखवावा. लपवू नये, आम्ही रागावत नाही, निदान रागावू नये.

आणि दमा

स्पेसर उघडावा. पंप हलवून त्यात एकच दाब द्यावा, मुलाने शांतपणे पाच-सहा श्वास घ्यावेत, अर्ध्या-एक मिनिटाने दुसरा दाब. चार वर्षांखालील मुलाला मास्क लावावा आणि तो गालांना घट्ट टेकलेला असावा. रोजच्या स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरावी. स्पेसर भांडी घासण्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन तसाच निथळत ठेवावा. फडक्याने पुसल्यास प्लास्टिकवर वीजभार येतो आणि औषध भिंतीलाच चिकटते. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने रोजचा पंप टाळून फक्त तात्पुरत्या आरामाच्या पंपावर मुलाचे दिवस काढणे, ही मला दिसणारी सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाचा आराम चार तासही टिकत नसेल, तर रिपोर्ट शोधत बसू नये, रुग्णालय गाठावे.

ती मुलगी तिसऱ्या आठवड्यापासून रात्रभर झोपू लागली. तेव्हा तिचे शिसे अजून उतरायचे होते आणि जस्ताचे सिरप बंद केलेले होते. फाइलच्या आतल्या पानावर मी तिच्या वडिलांना दोन वेगळे रकाने आखून दिले: एकात रात्रीचा खोकला, पंपाचे दाब आणि शाळा बुडालेले दिवस, दुसऱ्यात शिशाचा आकडा, एकक, नळीचा प्रकार आणि रक्त काढल्याची वेळ. पुढची तारीख त्यांनी सकाळची, त्याच लॅबची घेतली आहे.